पोरं टिकत का नाहीत?

गोळीच्या स्ट्रिपवर एक्स्पायरी छापलेली असते, औषध कंपनीच्या एमआरच्या (विक्री प्रतिनिधीच्या) कपाळावर नसते, एवढाच फरक. तरी मोठे साहेब दर तिमाहीला चिंताग्रस्त होऊन विचारतात, ‘पोरं टिकत का नाहीत?’

महिन्याची 30 तारीख, रात्रीचे साडेनऊ. बॅग पायाशी ठेवून आमचा एमआर स्टॉकिस्टच्या काउंटरला टेकलेला. फोनवर एरिया मॅनेजर: ‘क्लोजिंगचं काय झालं? अजून चाळीस बॉक्स टाक.’ स्टॉकिस्ट कपाटाकडे बोट दाखवतो, ‘अरे बाबा, मागचेच पडलेत!’ शेवटी गयावया करून माल उतरतो. टार्गेट पूर्ण झाल्याचं श्रेय एरिया मॅनेजरला. पुढे तोच माल परत येतो, तेव्हा तो मात्र पोराच्या नावावर.

या एमआर मंडळींसाठी 1976 साली वेगळा कायदा झाला होता, हे कोणाच्या गावी नाही. औषध विपणनाच्या 2024च्या संहितेने डॉक्टरांना भेटवस्तू द्यायला मनाई केली. टार्गेटला मनाई केलेली नसल्यामुळे ते वाढलं.

नेतृत्वाची शैली म्हणाल तर दोनच. सकाळच्या मीटिंगमध्ये ‘आपण सगळे एक फॅमिली’, आणि दुपारी ‘लोकेशन पाठव, खरंच क्लिनिकबाहेर आहेस ना?’ (फॅमिलीत हेही चालतं म्हणा.)

शेवटी पोराने राजीनामा टाकला, दुप्पट उत्साहाने दुसऱ्या कंपनीत रुजू झाला. पंधरा दिवसांनी तिथे नवे एरिया मॅनेजर आले. पेढे घेऊन. ओळख करून द्यायची गरजच पडली नाही.