रिमोटवाले अप्पा

खानदेशातील शहरी वस्तीत, विशेषतः जळगाव आणि धुळे या दोन गावांत, गेल्या काही वर्षांत जो एक मनुष्यविशेष ठळकपणे नजरेत भरू लागला आहे, त्याला लोकव्यवहारात ‘रिमोटवाले अप्पा’ असे संबोधण्यात येते. अप्पा हे येथे व्यक्तीचे नाव नसून पद आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. नोकरीतून सन्मानाने झालेली निवृत्ती, स्वतःच्या मालकीचा एन. ए. प्लॉट, त्या प्लॉटवर उभा राहिलेला बंगला आणि त्या बंगल्याला विजेवर सरकणारे लोखंडी गेट या चार अटी पुऱ्या झाल्या की हे पद आपोआप प्राप्त होते. घरी ज्यांना नाना, आबा किंवा बापू म्हणतात त्यांनाही ते लागू पडते. चौथी अट पुरी होईपर्यंत तोच गृहस्थ कॉलनीत निव्वळ ‘कोपऱ्यावरचे अप्पा’ असतो.

हा प्राणी जुन्या गावात का सापडत नाही, याचे उत्तर भूगोलात आहे. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे केले आणि नव्या पेठेचे रस्ते सरळ रेषेत आखून घेतले. क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील गल्ल्यांत घराचा ओटा थेट रस्त्यावर उतरतो आणि ओट्यावर बसलेला माणूस हेच त्या घराचे फाटक असते. सरकत्या गेटाचे तसे नाही. बारा फुटांचे गेट बाजूला सरकायचे तर ते उघडल्यावर उभे राहण्यासाठी शेजारी तितकीच, किंबहुना वीतभर अधिकच, मोकळी भिंत लागते, आणि इतकी भिंत नुसती उभी ठेवण्याची ऐपत धुळ्याच्या देवपुरातील किंवा जळगावच्या महाबळ परिसरातील प्लॉटवाल्यालाच असते. त्यामुळे रिमोटवाले अप्पा हा मूलतः लेआउटचा रहिवासी होय.

या गेटाची रचना वरवर पाहता साधी असते. जमिनीत गाडलेल्या लोखंडी पट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर, गेट चाकांनी धावते; गेटाच्या तळाशी लांबच लांब दातेरी पट्टी बसवलेली असते, तिला रॅक म्हणतात; आणि कंपाउंडच्या आतल्या अंगाला सिमेंटच्या लहानशा ओट्यावर बसवलेल्या मोटारीचे दातेरी चाक, म्हणजे पिनियन, त्या रॅकमध्ये दात रोवून गेटाला ढकलते किंवा ओढते. बाजारात अशा मोटारी गेटाच्या वजनानुसार, ५०० किलो, ८०० किलो, १००० किलो अशा मापांत मिळतात आणि अप्पा नेहमी गरजेपेक्षा एक माप मोठी घेतात, कारण उद्या गेटाला पितळी सूर्य बसवायचा ठरला तर वजन वाढेल, असा दूरचा विचार त्यांनी केलेला असतो. पिनियनच्या मागे आत जी दात्यांची रचना असते तिचा एक गुण असा की मोटार फिरली तर गेट सरकते, परंतु गेट ढकलले तर मोटार फिरत नाही. म्हणजे वीज नसताना हे गेट कुलूप न लावताही पक्के बंद असते. हा गुण अप्पा पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगतात. त्याच गुणापायी पुढे काय ओढवते, ते यथावकाश येईल.

मूळ उद्देश गाडीतून उतरावे लागू नये, इतकाच होता. तो सफलही झाला, कारण गेट आल्यापासून अप्पा गाडीत बसलेलेच फारसे दिसत नाहीत. दूधवाला, पेपरवाला, भाजीची हातगाडी, नळाचे पाणी पाहायला आलेला शेजारी यांतील प्रत्येकासाठी गेट स्वतः उघडावे आणि ते पुरते बंद झाल्याची खात्री करून घ्यावी, यासाठी ते सकाळी सहापासून अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तैनात असतात. गेट उघडायला साधारण वीस सेकंद लागतात. दूधवाल्याला आत यायला एक फूट फट पुरते, परंतु गेट अर्ध्यावर थांबवणे अप्पांना मान्य नसते. ते पूर्ण उघडते, दूध आत येते, दूधवाला बाहेर जातो आणि मग पुन्हा वीस सेकंद सगळी गल्ली ती घरघर ऐकते. जुन्या वाड्याच्या महादरवाजात माणसापुरते लहान दार ठेवीत, त्याला दिंडी म्हणत. तशी दिंडी या गेटालाही असावी, असे अप्पांच्या पत्नीने, म्हणजे माईंनी, फॅब्रिकेटरसमोर स्पष्ट सांगितले होते. दिंडीने गेटाची शोभा जाते, या कारणावरून ती सूचना फेटाळण्यात आली.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६ साली धुळ्यात देह ठेवला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे जुने कागद जपत आले आहे; कागद जपण्याची एवढी परंपरा असलेल्या प्रदेशात अप्पांच्या गेटाच्या वायरिंगचा एकमेव आराखडा एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर निळ्या बॉलपेनने काढलेला असावा, ही गोष्ट खेदाची खरी. ही पत्रिका मीटरच्या पेटीत, जुन्या फ्यूजच्या मागे खोचलेली असते. तिच्यावर तीन रेषा, ‘को.’, ‘उ.’, ‘बं.’ ही अक्षरे आणि एका कोपऱ्यात वायरमनने जेवणाच्या सुट्टीत केलेला हिशेब एवढा मजकूर असून, हळदीच्या डागाखाली नेमके काय लिहिले होते याविषयी अप्पा आणि वायरमन यांच्यात मतभेद आहेत.

त्या तीन अक्षरांचा अर्थ असा की मोटारीकडे मुख्यतः तीन वायरी जातात. एक सामाईक, म्हणजे कॉमन, दुसरी उघडण्याच्या दिशेची आणि तिसरी बंद करण्याच्या दिशेची. दिशेच्या दोन वायरींची अदलाबदल केली तर मोटार उलटी फिरते. गेट दोन्ही टोकांना जेथे थांबायचे तेथे लिमिट स्विच असतो. रॅकवर बसवलेला पत्रा किंवा लोहचुंबक त्याच्यापाशी आला की बोर्ड मोटारीची वीज तोडतो. आता गेट डावीकडे उघडते की उजवीकडे, यावर या जोडण्या ठरतात, आणि ‘डावीकडे’ म्हणजे घरातून पाहता की रस्त्यावरून पाहता, हा प्रश्न माहितीपुस्तिकेने सोडवलेला असला तरी अप्पांनी आपल्या परीने तो पुन्हा उपस्थित केलेला असतो. एखाद्या दुपारी, वायरमन येईपर्यंत कशाला थांबायचे, अशा विचाराने टेस्टर घेऊन ते पेटी उघडतात आणि मोटारीच्या दोन वायरी बदलतात, परंतु लिमिटच्या वायरी तशाच राहतात. परिणाम असा होतो की उघडण्याची आज्ञा मिळालेले गेट बंद होऊ लागते, बंद होऊन टोकाला आले तरी बोर्ड भलत्याच टोकाच्या लिमिटची वाट पाहत राहतो, आणि चारशे किलोचे लोखंड स्टॉपरवर असे आदळते की शेजारच्या कुकरची शिटीही क्षणभर ऐकू येत नाही. यानंतर अप्पा दोन्ही वायरी मूळ जागी लावून पेटी बंद करतात आणि खुर्चीवर येऊन बसतात.

वायरमन येतो तो ‘आते उनू, अप्पा’ या फोनवरच्या आश्वासनानंतर साधारण तिसऱ्या दिवशी. पेटी उघडताच, स्क्रूच्या खाचेवरील ताजी चमक पाहून, तो शांतपणे विचारतो, “अप्पा, बोर्डले हात कोनी लावा?” आणि अप्पा तितक्याच शांतपणे उत्तरतात, “मी काहीच नही करं भो.” एरवी प्रमाण मराठीत बोलणारे, निवृत्तीपूर्वी इंग्रजीत टिपणे लिहिणारे अप्पा या एका प्रसंगी अहिराणीवर का येतात, हे भाषाशास्त्रज्ञांनी पाहण्यासारखे आहे. पेटीत बहुधा एक वाळलेली पालही सापडते. बोर्डाच्या उबेला आलेली पाल दोन टर्मिनलांवर एकदम पाय ठेवते आणि स्वतःबरोबर फ्यूजही घेऊन जाते; त्यामुळे या व्यवसायात पाल ही तांत्रिक संज्ञा मानली जाते आणि अप्पांच्या दृष्टीने तर ती सर्व बिघाडांचे स्वीकारार्ह कारण असते.

वायरिंगपेक्षा अप्पांचा खरा अधिकार चालतो तो रिमोटच्या प्रोग्रामिंगवर. रिमोट हा बारा व्होल्टच्या बोटाच्या पेराएवढ्या बॅटरीवर चालणारा लहानसा रेडिओ प्रक्षेपक असून तो सामान्यतः ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो. जगदीशचंद्र बसूंनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात भिंतीपलीकडची घंटा अदृश्य लहरींनी वाजवून दाखवली, त्याच कुळातील ही विद्या होय, आणि बसूंनी ती बटण हातात घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यापासूनच दाबत येण्यासाठी शोधली नव्हती, एवढेच येथे नोंदवून ठेवावे. या लहरीची लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर, म्हणून बोर्डाच्या अँटेनाची वायर तिच्या एक चतुर्थांश, म्हणजे १७ सेंटिमीटरच्या जवळपास असावी लागते. अप्पांनी ती वायर लोंबते म्हणून गुंडाळी करून लोखंडी पेटीच्या आत सारलेली असते आणि रिमोट गेटाला टेकवल्याखेरीज चालत नाही, तेव्हा कंपनीने पूर्वीसारखा माल देणे सोडले, असे त्यांचे मत बनते.

बोर्डाला नवा रिमोट शिकवायचा म्हणजे लर्न नावाचे बारीक बटण दाबायचे, लाल दिवा लागला की रिमोटचे बटण दाबायचे आणि दिवा लुकलुकून विझण्याची वाट पाहायची. तेच लर्न बटण आठ-दहा सेकंद दाबून धरले तर अनेक बोर्डांची सगळी स्मृती पुसली जाते. अप्पांचा स्वभाव कोणतेही बटण खात्री पटेपर्यंत दाबून धरण्याचा असल्यामुळे एक रिमोट वाढवताना आधीचे चारही पुसले जातात. मग घरातले रिमोट गोळा करून पुन्हा शिकवणी होते, परंतु पुण्याला मुलाच्या बॅगेत गेलेला आणि सासरी मुलीच्या पर्समध्ये राहिलेला, हे दोन त्या शिकवणीला गैरहजर असतात. साध्या, कायम कोडच्या रिमोटची नक्कल जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी करून मिळू शकते. रोलिंग कोडच्या रिमोटचे तसे नसते. तो प्रत्येक दाबणीला नवा आकडा पाठवतो, बोर्डही तोच क्रम मनाशी मोजत असतो, आणि आलेला आकडा आपल्या मोजणीच्या थोडा पुढे असला तरच दार उघडतो. सुट्टीत आलेल्या नातवाने गच्चीच्या पलीकडे, शेतात, दिवसभर तो रिमोट खेळण्यासारखा दाबला तर मोजणी फार पुढे जाते आणि गेट पहिल्या दाबणीला ओळख देत नाही, मात्र लागोपाठ दुसऱ्यांदा दाबल्यावर बहुधा देते. अप्पांनी यातून काढलेला नियम असा की रिमोट नेहमी दोनदा दाबावा. साहजिकच धडधाकट रिमोटने उघडू लागलेले गेट दुसऱ्या दाबणीला थांबते.

फोटोसेलविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. गेटाच्या दोन बाजूंस समोरासमोर बसवलेले हे दोन डोळे. एक न दिसणारा अवरक्त किरण सोडतो, दुसरा तो पाहतो, आणि मध्ये गाय, मूल किंवा स्कूटर आली की बंद होणारे गेट थांबते. अप्पांचे गेट वास्तुशास्त्रानुसार उत्तराभिमुख असते आणि किरण पाहणारा डोळा नेमका पूर्वेकडे तोंड करून बसवलेला असतो. तेव्हा सकाळी सव्वासात ते पावणेआठ या वेळात सूर्य सरळ त्याच्या डोळ्यात जातो आणि गेट काही केल्या बंद होत नाही. वायरमनने दोन डोळ्यांची अदलाबदल सुचवली होती. अप्पांनी त्याऐवजी त्या अर्ध्या तासात गेटात उभे राहून सूर्याला अर्घ्य देण्यास प्रारंभ केला असून, त्यांची सावली नेमकी त्या डोळ्यावर पडावी इतपत जागा त्यांनी अनुभवाने पक्की केली आहे. केवळ अखेरच्या क्षणी बाजूला होण्याची चपळाई तेवढी लागते.

उन्हाळ्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, मोटार तापते आणि आतील संरक्षक स्विच ती गार होईपर्यंत चालू देत नाही. अप्पा तिच्यावर ओले पोते टाकतात, माई ते काढतात. अशाच दिवसांत आखाजी येते. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात आणि या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, ही प्रथा सर्वांना ठाऊक आहे. अप्पांचीही लेक येते. भर दुपारी, कडेवर मूल घेऊन, स्टेशनवर आणायला गेलेल्या घरच्या गाडीतून, जावयासह. ती पर्समधला गेल्या वर्षीचा रिमोट एकदा दाबते, नियमानुसार दुसऱ्यांदा दाबते, आणि गेट तिला ओळखत नाही. अप्पा आतून आपला दाबतात. तोही चालत नाही, कारण लाईट गेलेली असते. घराला इन्व्हर्टर आहे, पंखा फिरतो आहे, टीव्हीवर बातम्या चालू आहेत. गेटापर्यंत वायर ओढण्याचा खर्च तेवढा अप्पांनी वाचवला होता.

अशा वेळेसाठी मोटारीवर एक किल्ली असते. ती फिरवून दांडी ओढली की पिनियन मोकळे होते आणि गेट हाताने सरकते. याला मॅन्युअल म्हणतात. किल्ली गाडीच्या जुडग्यात, म्हणजे गेटाबाहेर असते. जावई ती गजांतून आत देतात. अप्पा ती घेतात, न्याहाळतात आणि खिशात टाकतात, कारण एकदा मॅन्युअल केले की लिमिटची सेटिंग बिघडते, असे त्यांचे ठाम मत असते. “लाईट येईलच आता,” ते सांगतात, “दोनला येते.”

माई तोवर आतून भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या असतात. त्या अप्पांकडे पाहत नाहीत. गेटाच्या दोन गजांमधून कोपरापर्यंत हात बाहेर काढून त्या लेकीवरून आणि नातवावरून भाकरतुकडा ओवाळतात, तो रस्त्याच्या कडेला टाकतात आणि पाण्याचा तांब्या, तो गजांतून जात नाही म्हणून, थोडा तिरपा करून, लेकीच्या ओंजळीत रिता करतात.