मूळ प्रत, दोन झेरॉक्स

भाऊसाहेबांना कुणी नवा माणूस भेटला की ते आधी त्याचं पूर्ण नाव विचारतात आणि मग ते पासपोर्टवर तसंच आहे का, हे विचारतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी होणाऱ्या जावयाला पेढ्यांच्या ताटाजवळ गाठलं आणि हळूच म्हणाले, "आईचं नाव सगळीकडे एकच आहे ना?" मुलगा बार्शीचा, भिडस्त. ही आमच्याकडची काही रीत असेल असं समजून त्याने मान खाली घालून "हो" म्हटलं. भाऊसाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या लेखी पत्रिका तिथेच जुळली.

आम्ही दोघेही पाटबंधारे खात्यातले. ते हेडक्लार्क, मी त्यांच्या हाताखाली आवक-जावक. सरकारी कचेरीत कारकुनाला भाऊसाहेब म्हणायची पद्धत आहे. निवृत्तीनंतर बाकीचं सगळं कचेरीत राहिलं, हे संबोधन तेवढं त्यांच्याबरोबर घरी आलं. आता सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत वॉचमनपासून वहिनींपर्यंत सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणतात. असा एक भाऊसाहेब हल्ली कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंत प्रत्येक सोसायटीत सापडतो. दोन फ्लॅटांआड कुणाचा तरी मुलगा नाहीतर बहीण अमेरिकेत असते, ती कुणाला तरी बोलावत असते, आणि बोलावणं आलं की बॅगा भरायच्या आधी कागद भरावे लागतात.

त्यांच्या या व्यासंगाचं मूळ 2005 सालात आहे. न्यू जर्सीत एडिसनला राहणारी त्यांची धाकटी बहीण अमेरिकेची नागरिक झाली आणि तिने आय-130 नावाचा अर्ज भरून थोरल्या भावाला बोलावलं. नागरिकाच्या आईवडिलांना तिथे रांग नसते. भावंडांना असते, आणि ती सगळ्यांत मागची. साऱ्या जगातल्या भावाबहिणींना मिळून वर्षाला 65,000 व्हिसे, त्यात पुन्हा कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. आपल्याकडे भावंडंही उदंड आणि त्यांची मायाही उदंड, त्यामुळे भाऊसाहेबांचा नंबर लागायला अठरा वर्षं गेली. अर्ज केला तेव्हा त्यांचा मुलगा अकरावीत होता. नंबर लागला तेव्हा त्याला पोट सुटलं होतं, टक्कल पडलं होतं आणि हिंजवडीच्या फ्लॅटचे हप्ते चालू होते. एकविशी ओलांडली की मुलं आईबापांच्या अर्जातून गळतात. 2002 चा एक कायदा थोडी सूट देतो, पण अठरा वर्षांना तीही पुरत नाही. मुलगा-मुलगी दोघंही गळाल्याचं कळलं तेव्हा वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊसाहेब म्हणाले, "चला, कागदांचे दोन सेट वाचले."

अठरा वर्षांत दुसरा माणूस विसरून गेला असता. भाऊसाहेब दर महिन्याला निघणारं व्हिसा बुलेटिन वाचत राहिले. तारीख दोन आठवडे पुढे सरकली की घरात शिरा, मागे गेली की वहिनींना बोलणी. आतल्या खोलीतल्या कपाटाचं त्यांनी साड्यांकडून रीतसर भूसंपादन केलं. साड्यांचं पुनर्वसन अजून बाकी आहे. तिथे आता बॉक्स फाइली उभ्या आहेत, प्रत्येकीच्या पाठीवर वळणदार अक्षरात अनुक्रमणिका. प्रत्येक कागदाची मूळ प्रत, दोन झेरॉक्स, आणि कागद मराठी असेल तर इंग्रजी भाषांतर, 'मला दोन्ही भाषा येतात' अशा भाषांतरकाराच्या सहीसकट. लॅमिनेशन या प्रकाराचा त्यांना मनस्वी राग. तळमजल्यावरच्या काकूंनी नातवाचा जन्मदाखला कौतुकाने लॅमिनेट करून आणला, तेव्हा भाऊसाहेब तो दोन बोटांत धरून बराच वेळ उभे राहिले. शेवटी "कधी झालं?" एवढंच विचारलं.

अर्जात सोळाव्या वर्षापासून राहिलेल्या सगळ्या पत्त्यांची यादी मागतात. एका गावात जन्म काढलेल्या माणसाला हे सोपं, पण पाटबंधारेवाल्याचं आयुष्य धरणांवर जातं. कोयनानगर, पैठण, भीमानगर. आम्ही राहिलो त्या वसाहतींत रस्त्यांना नावं नव्हती. क्वार्टरला नंबर असायचा, तो रंगरंगोटी झाली की बदलायचा. 'धरणाच्या खाली, डाव्या कालव्याजवळ' एवढ्या पत्त्यावर मी स्वतः मनीऑर्डर घेतलेली आहे. भाऊसाहेबांनी बदलीच्या जुन्या ऑर्डरी काढल्या, रुजू अहवाल काढले, आणि प्रत्येक मुक्काम कुठल्या तारखेला, मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर, अशी यादी केली. अमेरिकेला एवढं नको होतं. भाऊसाहेबांना हवं होतं.

त्याहून अवघड प्रकरण वहिनींच्या नावाचं. माहेरी त्या शकुंतला. 1984 च्या वैशाखात लग्न झालं, ताटातल्या तांदळांत अंगठीने 'मंगला' लिहिलं गेलं, आणि शकुंतलेचं पुढे काय झालं याची कुणी नोंद ठेवली नाही. शाळेचा दाखला शकुंतलेचा, रेशनकार्ड मंगलचं, विमा मंगलाचा आणि आधार मंगलबाईंचं. लग्नाची नोंदणी करायची तेव्हा कुणाला सुचत होती? ती आता साठीनंतर, लग्नपत्रिका आणि तीन साक्षीदार घेऊन केली. लग्न लावणाऱ्या भटजींची सही हवी होती. भटजी केव्हाच वारलेले, म्हणून त्याबद्दल वेगळं प्रतिज्ञापत्र. मग नावांचं प्रतिज्ञापत्र: 'वरील चारही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे.' वहिनींनी सही केली आणि म्हणाल्या, "बरं झालं लिहून झालं. चाळीस वर्षं चार बायकांचं काम करतेय, मलाच शंका यायला लागली होती." (हे शंभरच्या स्टॅम्प पेपरवर भागलं. 2024 च्या ऑक्टोबरात राज्याने तो पाचशेचा केला, तेव्हा भाऊसाहेबांनी सोसायटीतल्या मागे राहिलेल्यांकडे फार करुणेने पाहिलं.)

बहिणीलाही कागद चुकले नाहीत. बोलावणाऱ्याने पाहुण्याच्या पोटापाण्याची लेखी हमी द्यायची असते आणि तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी उत्पन्न दाखवायचं असतं. मेहुणे निवृत्त, म्हणून भाच्याला सहहमीदार केलं. भाच्याला पगार विचारणं हा मामाचा जन्मसिद्ध हक्कच आहे, पण तो करविवरणपत्रासकट मागवायचा म्हणजे जरा नाजूक. मागवला. तो आल्यावर भाऊसाहेब दोन दिवस गप्प होते, कारण आकडा ऐकीव आकड्यापेक्षा बराच लहान होता. उभा जन्म भाऊबीजेला ओवाळणी घातलेल्या भावाने आता बहिणीकडून सांभाळाचा करार लिहून घेतला, याचं मात्र त्यांना काही वाटलं नाही. सही योग्य जागी होती.

राहिला जन्मदाखला. भाऊसाहेबांची जन्मतारीख 1 जून 1958. गावाकडची ती सगळी पिढीच 1 जूनची. शाळा जूनमध्ये भरायची. गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून पाहायचे, पोहोचला की सहा वर्षं पूर्ण आणि जन्म 1 जून. आमच्या सोसायटीतल्या एका घरात थोरला भाऊ असा गुरुजींच्या हातचा 1 जूनचा, आणि धाकटी बहीण सरकारी दवाखान्यातली, पुढच्याच जानेवारीतली निघाली. एका आईला सात महिन्यांच्या अंतराने दोन मुलं कशी झाली, याचा खुलासा भाऊसाहेबांनी तीन पानी लिहून दिला. त्यात गुरुजी, कान आणि जून महिना या तिघांचंही सविस्तर वर्णन आहे. मी तो वाङ्‌मय म्हणून जपून ठेवलाय.

जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा, महाराष्ट्रात तो 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला. त्याआधीचं खेड्यातलं सगळं गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकाच्या भरवशावर. 2023 च्या हिवाळ्यात आम्ही माण तालुक्यात, दहिवडीला गेलो तर जुन्या दप्तरांपाशी ही गर्दी. कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर निघालेलं, मोडी वाचणाऱ्यांना भाव आलेला. सगळे पणजोबा शोधत होते. भाऊसाहेब एकटेच स्वतःला शोधत होते. सापडले नाहीत. संध्याकाळी मावशीकडे गेलो तर ती म्हणाली, "आरं, पयलं बाळंतपण म्हायेरी असतंय. बापाच्या तालुक्यात कशाला हुडकतुयास?"

ही मावशी नव्वदीच्या घरातली. जन्माचा दाखला नसेल तर जन्म प्रत्यक्ष ठाऊक असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं लागतात, आणि ते दोघे तेव्हा जन्मलेले असावे लागतात. भाऊसाहेबांच्या बाबतीत एवढी पात्रता असलेली दोनच माणसं शिल्लक होती, मावशी आणि मावशीचे दीर. नंबर जवळ येऊ लागला तसे भाऊसाहेब दर रविवारी मावशीला फोन करायला लागले. झोप लागते का, रक्तदाब किती, गोळ्या घेतल्या का. मावशी गावभर सांगायची, बहिणीचं पोर लई मायाळू.

मावशीने सांगितलं ते खरं ठरलं. आजोळच्या तालुक्यात नोंद निघाली. वडिलांचं नाव बरोबर, तारीख जुलैतली, आणि अपत्याच्या रकान्यात नुसतं 'मुलगा'. भाऊसाहेब जवळजवळ ओरडले, "हाच मी!"

टेबलापलीकडचा तरुण कारकून रजिस्टरवरून मान न उचलता म्हणाला, "कशावरून?"

भाऊसाहेब गप्प झाले. हा प्रश्न त्यांनी नोकरीत हजारोंना विचारला होता, त्यांना कुणी विचारायची ही पहिलीच वेळ. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं त्याला मी समाधानच म्हणेन. "भरती कुठल्या सालची तुमची?" त्यांनी आदराने विचारलं. पाठोपाठ दोघांनी चहा मागवला, आणि भाऊसाहेबांच्या नावाची नोंद आढळत नाही असा अनुपलब्धतेचा दाखला एकमताने तयार झाला.

वकिलाच्या टेबलावर मात्र मावशी अडली. "एक जून? छट्. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी झालास तू. बैलांच्या शिंगांचा रंग वाळला नव्हता. मी शपथंवर खोटं सांगायची न्हाय." वकिलाने पेन खाली ठेवलं. भाऊसाहेबांनी उभ्या उभ्या मसुदा बदलला: अमक्या आईबापांच्या पोटी, अमक्या गावी, अमक्या साली माझ्यासमक्ष जन्म झाला, शाळेच्या दप्तरी तारीख 1 जून अशी लागलेली आहे. यात एक अक्षर खोटं नाही. मावशीने ते दोनदा वाचून घेतलं, शाईचा पॅड परत ढकलला आणि सही केली.

एवढा ऐवज घेऊन भाऊसाहेब मुंबईला बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखतीला गेले. खिडकीमागच्या बाईंनी हात वर करून शपथ घ्यायला लावली, बहीण काय करते, शेवटची कधी भेटली, असे दोन-चार प्रश्न विचारले, मोजके मूळ कागद पाहिले आणि अभिनंदन केलं. भाऊसाहेब खिडकीवरून हलेनात. "मॅडम, मावशीचं ॲफिडेव्हिट?" गरज नाही. "पत्त्यांची यादी? मध्यान्हपूर्व-मध्यान्होत्तर आहे." शेवटी वहिनींनी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. रात्री ते न जेवता झोपले. व्हिसा नाकारलेली माणसं मी पाहिली आहेत. मिळाल्यावर इतका अपमान झालेला माणूस पाहिला नव्हता.

आता ते एडिसनला आहेत आणि नव्या जोमात आहेत. ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, आणि नागरिकाला विवाहित मुलालाही बोलावता येतं. ती रांगही भारतासाठी दहा वर्षांच्या वरची आहे. भाऊसाहेबांनी हिशेब मांडून ठेवलाय. मुलाने जायचं नाही म्हणून साफ सांगितलंय, पण तो मुद्दा कुठल्याच फाइलमध्ये बसत नाही.

परवा पहाटे फोन आला. मुलाचा जन्मदाखला त्यांनी उघडून पाहिला होता. नावाचा रकाना कोरा. बारशानंतर पैठणच्या कचेरीत जाऊन नाव घालायचं राहूनच गेलं होतं. तेव्हा ते लोकांच्या फाइलींत बुडालेले होते.

"म्हणजे दोन प्रतिज्ञापत्रं आली," भाऊसाहेब म्हणाले. "त्या दिवशी दवाखान्यात डबा घेऊन तूच आला होतास ना?"

"मीच."

"बाळ पाहिलं होतंस? स्वतःच्या डोळ्यांनी?"

"पाहिलं होतं."

क्षणभर पलीकडून काही ऐकू आलं नाही. मग इतक्या वर्षांत कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "तब्येत काय म्हणते तुझी? रक्तदाब वगैरे? गोळ्या वेळेवर घेतोस ना?"