डबीतली तर्री

कन्हानला गाडीचं दुखणं खाजगी राहत नाही. बॉनेट उघडलं की थोड्याच वेळात चार डोकी आत वाकतात, आणि त्यातलं एखादं तरी कोळसा खाणीतून निवृत्त झालेलं असतं. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, खाणींनी आमच्या भागाला धुळीच्या जोडीला फिटर आणि डम्पर ऑपरेटरही भरपूर दिले. ज्या माणसाने जन्मभर साठ टनी डम्पर वळवला, त्याला आपल्या गाडीचं स्टिअरिंग जड लागतंय हे सांगायला जीभ रेटत नाही.

आमची जुनी डिझेल गाडी जबलपूर रोडवर सरळ पळताना अगदी शहाण्यासारखी वागायची. बाजारात वळवायला घेतली की मात्र बॉनेटखालून ‘ऊंऽऽ’ असा सूर लागायचा. मागचा ट्रकवाला त्याला हॉर्नची साथ द्यायचा. घरच्यांनी निदान केलं की बिघाड गाडीत नसून माझ्या खांद्यात आहे. एका मेकॅनिकने सिरिंजने पॉवर स्टिअरिंगच्या डबीतलं ऑईल काढलं, तेवढंच नवं टाकलं आणि पैसे घेतले. पंपातलं, रॅकमधलं, पायपांतलं जुनं ऑईल जागच्या जागी होतं. आठवड्याभरात त्याने नव्यालाही आपल्या रंगात ओढलं.

मग शेजारचे डम्परवाले काका आले. आधी त्यांनी डबीचं झाकण फडक्याने नीट पुसलं. आमच्याकडे कुठलंही झाकण न पुसता उघडलं तर आत कोळसा पडतो. मग बोट बुडवलं, चोळलं, हुंगलं.

“हे लाल पायजे ना बावा. हे तं काळं होऊन रायलं. यात का टाकलं होतं?”

गाडी आम्ही जुनी घेतलेली. विकणाऱ्याला फोन लावला. त्याने अभिमानाने सांगितलं, “कमी दिसलं, तं घरी ब्रेक ऑईल होतं ते टाकून देलं. ऑईल ते ऑईलच ना भाऊ!”

काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. पुढचं संभाषण छापण्याजोगं नाही. त्यातला शास्त्रीय भाग एवढाच की नेहमीचं ब्रेक ऑईल हे मुळात तेलच नव्हे. ते ग्लायकॉलच्या जातीचं. पॉवर स्टिअरिंगचे रबरी सील खनिज तेलाच्या सहवासासाठी घडवलेले असतात. ग्लायकॉलशी संसार लावला की ते फुगतात, मऊ पडतात आणि गळती सुरू होते. उलट बाजूने, ब्रेकमध्ये हे लाल ऑईल ओतलं तर तिथले सील फुगतात आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. आमची गळती अजून सुरू झाली नव्हती, हे नशीब.

पंपाच्या दाबाने तेल ढकलून चाकं वळवायची ही युक्ती फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची. १९२६ साली त्याने ती चालवून दाखवली. मोटार कंपन्यांनी वाहवा केली आणि खर्च पाहून हात आखडला. शेवटी १९५१ साली क्रायस्लरने इम्पीरियल गाडीत पॉवर स्टिअरिंग बाजारात आणलं, तेही डेव्हिसच्या पेटंटांची मुदत संपल्यावर त्यांच्याच आधाराने. काकांना मी हे सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे ठेकेदार तिकडंही हायेत.”

रविवारी सकाळी शस्त्रक्रिया ठरली. पुढची दोन्ही चाकं जॅकने उचलली आणि खाली रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे ठोकळे सरकवले. जंक्शनच्या गावात असे ठोकळे अंगणात असतात. कुठून आले हे विचारायची पद्धत नाही. डबीकडे येणारा रिटर्न पाईप काढून रिकाम्या बाटलीत सोडला. डबीचं उघडं पडलेलं तोंड बुच मारून बंद केलं. इंजिन बंदच. स्टिअरिंगवर बायको, ऑईलच्या कॅनवर काका, बाटलीवर मी. उरलेली कॉलनी मार्गदर्शनावर.

“पूर्ण डावीकडे! आता पूर्ण उजवीकडे! हळू!”

“गाडी जागची हलत नाही तरी तुमच्या सूचना थांबत नाहीत,” बायको म्हणाली.

बाटलीत आधी काळं आलं, मग तपकिरी. काका वरून नवं ओतत होते आणि ओरडत होते, “डबी सुकू देऊ नोका! पंपानं हवा ओढली का झालं!” यंत्रणेत साधारण लिटरभर ऑईल मावतं, पण ती धुवायला त्याच्या दुप्पट तरी हाताशी लागतं. शेवटी पाइपातून नितळ, लालभडक तर्री आली. सावजीच्या वाटीतही इतकी चोख क्वचित मिळते. एकाने खरोखर तर्री-पोह्यांची आठवण काढली.

पाईप जोडून हवा काढायचं काम उरलं. डबीतले बुडबुडे थांबेपर्यंत स्टिअरिंग सावकाश या टोकाचं त्या टोकाला फिरवायचं, मग इंजिन सुरू करून पुन्हा तेच. टोकाला मात्र दाबून धरायचं नाही, पंपावर ताण येतो. ‘ऊंऽऽ’ गेला.

खरं भांडण लागलं बाटलीवरून. एकजण म्हणाला, नालीत ओता. नाली जाते कन्हान नदीत, आणि तिचं पाणी पितं नागपूर. नागपूरकरांबद्दल आमच्या मनात काही असलं तरी इतकं नाही. दुसऱ्याला सेंट्रिंगच्या पाट्यांना लावायला ते जळकं ऑईल हवं होतं. शेवटी ते गॅरेजच्या ड्रममध्ये गेलं.

समोरच्या घरातला तरुण नवी गाडी दाखवत म्हणाला, “काका, आमच्या गाडीत ऑईलच नाही. इलेक्ट्रिक स्टिअरिंग हाय.”

काकांनी त्याच्याकडे फार करुणेने पाहिलं. “मंग बिघडलं तं बोट कायले लावशीन?”

तुमच्या गाडीत अजून ही डबी असेल तर उद्या सकाळी झाकण पुसून उघडा, आणि कोणतं ऑईल टाकायचं ते गाडीच्या पुस्तकात वाचा. कोणी ब्रेक ऑईलची बाटली घेऊन मदतीला धावला तर त्याला चहा पाजा आणि बाटलीसकट घरी पाठवा.