बाब्या सायन्सला, कार्टं आयटीआयला

दहावीच्या गुणपत्रिकेवरून राज्य मंडळाने काही वर्षांपूर्वी 'अनुत्तीर्ण' हा शेरा हद्दपार केला. मुलांची मनं मोडतात, म्हणून. त्याऐवजी अशी मुलं 'कौशल्य विकासासाठी पात्र' ठरू लागली. पुढे बारावीच्या मुलांनाही या सन्मानात सामावून घेतलं गेलं. समाजशास्त्रज्ञांना जे सांगायला तीनशे पानांचा प्रबंध लागला असता, ते मंडळाने एका ओळीत सांगून टाकलं. गणित, विज्ञान, इंग्रजी येत असेल तर कौशल्याची गरज नाही. यातलं काहीच येत नसेल, तर हातात पाना द्यायला हरकत नाही. पंच्याण्णव टक्केवाल्यांच्या पात्रतेबद्दल मंडळाने मौन पाळलं आहे, आणि त्यांना घरातला उडालेला फ्यूज बसवताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे मौन पटतं.

आता हा नव्याने पात्र झालेला मुलगा गुणपत्रिका घेऊन आयटीआयच्या खिडकीशी जातो. मंडळानेच पाठवलाय म्हटल्यावर हार-तुरे नाही तरी निदान खुर्ची मिळेल अशी त्याची समजूत. आतले साहेब विचारतात, "कुठला ट्रेड?"

"फिटर."

"दहावी पास लागते. गणित-विज्ञान घेऊन."

"इलेक्ट्रिशियन?"

"तेच."

"टर्नर?"

"अरे, तेच."

आठवी पासवर चालणारे वेल्डर, वायरमनसारखे काही ट्रेड आहेत, ते साहेब दाखवतात. म्हणजे कौशल्यासाठी जो पात्र ठरला, तो कौशल्याच्या निम्म्याअधिक दरवाजांवर अपात्र आहे. आणि जो पास होऊन आला, त्याचं नाव गुणवत्ता यादीत. हो, आयटीआयलाही गुणवत्ता यादी असते, आणि चांगल्या सरकारी आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या जागा भराभर भरतात. ही बातमी आमच्या मध्यमवर्गापर्यंत अजून पोचायची आहे. तिथे अजून 'अभ्यासात डोकं नाही, आयटीआयला टाका' हेच चालू आहे. टाका. अडगळ माळ्यावर टाकतात तसं.

या डोकं नसलेल्या मुलाचं तिथे काय होतं, तेही एकदा बघायला हवं. टर्नरला निमुळता दांडा लेथवर काढायचा असतो. त्याचा कोन काढायचा म्हणजे दोन्ही टोकांच्या व्यासांतला फरक, त्याला लांबीच्या दुपटीने भागायचं आणि मग टॅनचा तक्ता उलटा वाचायचा. ज्या त्रिकोणमितीला घाबरून पोरगा शाळेतून पळाला, ती आयटीआयच्या शेडमध्ये चाळीस अंश उन्हात, तेलाच्या वासात त्याची वाट बघत बसलेली असते. फिटरला आधी कित्येक आठवडे कानस मारायला लावतात. लोखंडाचा तुकडा घासायचा, व्हर्निअर लावायचा, निदेशक म्हणतात अजून घास. व्हर्निअरवर ०.०२ मिलिमीटरचा फरक दिसतो आणि तेवढ्यावरून जॉब बाद होतो. वर्कशॉप कॅल्क्युलेशन आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंगचे तास वेगळे. ओहमचा नियम दहावीच्या पेपरात चुकला की दोन मार्क जातात. इलेक्ट्रिशियनच्या बोर्डावर चुकला की काय जातं, हे सांगायला नको. डोकं नसलेल्यांसाठी इतका डोकेबाज अभ्यासक्रम कुणी आखला, याची चौकशी व्हायला हवी.

व्यवसाय शिक्षणाला या देशात विरोध कधीच झाला नाही, हीच त्याची खरी अडचण. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली. हस्तोद्योगातून शिक्षण द्या म्हणाले, आणि झाकिर हुसेन समितीने आराखडाही करून दिला. सगळ्यांना पटलं. १९६४ ते ६६ कोठारी आयोग बसला. उच्च माध्यमिक स्तरावरची निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणात यावीत, त्यासाठी १९८६ पर्यंतची मुदत. पटलं. १९८६ उजाडलं तेव्हा नवं धोरण आलं: निम्मी राहू द्या, १९९० पर्यंत दहा टक्के आणि १९९५ पर्यंत पंचवीस टक्के तरी करू. हेही पटलं. १९९२ मध्ये सुधारणा झाली, टक्के तेच ठेवले आणि साल तेवढं पुढे ढकललं: दहा टक्क्यांना १९९५, पंचवीसला २०००. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात आकडा पुन्हा पन्नास टक्क्यांवर गेला, मुदत २०२५. मात्र या वेळी अनुभवी मंडळींनी काळजी घेतली. पन्नास टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षण द्यायचं नाही, त्याची ओळख करून द्यायची. ओळख काय, बिस्किटाच्या कारखान्यात सहल नेली तरी होते. त्याच धोरणात एक तुलनाही केलीय: औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले तरुण अमेरिकेत बावन्न टक्के, जर्मनीत पंचाहत्तर, दक्षिण कोरियात शहाण्णव. आणि बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजाप्रमाणे आपल्याकडे पाचाच्या आत. इतकी वर्षं एकमताने झटल्यावर पाच टक्केही नाहीत. विरोध झाला असता तर कदाचित जास्त झाले असते. आपल्याकडे एखादी गोष्ट सक्तीने बंद केल्याशिवाय लोक ती करायला धजत नाहीत.

धोरणात आणखी एक कल्पना आहे, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना. त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ जाऊन काम बघायचं, करायचं. एका शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच विचारणा झाली म्हणे, 'दप्तराविनाच्या दिवशी दप्तर कुठलं पाठवायचं?'

आमच्या पिढीला हे नवीन नाही. आम्हाला कार्यानुभवाचा तास होता. तो वेळापत्रकात असायचा आणि त्यात गणिताचे सर येऊन राहिलेला पोर्शन संपवायचे. वही मात्र पक्की असायची. 'मेणबत्ती तयार करणे. साहित्य: मेण, साचा, सूत. कृती: प्रथम मेण वितळवून घ्यावे.' खाली 'दक्षता', आणि त्याखाली नफ्या-तोट्याचं अंदाजपत्रक. मेण कुणी वितळवलं नाही, पण नफा प्रत्येकाला झाला. कागदी फुलं आईने करून दिली, शिंकाळं मावशीने विणलं, आणि फिनेल कोपऱ्यावरच्या दुकानातून आणून बाटलीवरचं लेबल काढून जमा केलं. पुरवठ्याची साखळी म्हणजे काय, हे मात्र आम्ही त्यात पक्कं शिकलो.

अकरावीला द्विलक्षी विषय असतात, तेही याच सदिच्छेचं अपत्य. सायन्सच्या मुलाने पुढच्या शिक्षणाबरोबर हाताला काम मिळेल असंही काही शिकावं, म्हणून एक भाषा आणि एक विषय सोडून दोनशे मार्कांचं इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, मत्स्यशास्त्र किंवा पीकशास्त्र. कल्पना काय सुंदर! पण आमच्या पालकांनी त्यातला दोनशे हा आकडा अचूक हेरला. बायोलॉजी टळतं, मराठी टळतं, प्रॅक्टिकलला मार्क पडतात, आणि विषय 'स्कोअरिंग' आहे. मग नामांकित कॉलेजांत द्विलक्षीचा कटऑफ साध्या सायन्सच्या वर गेला. रोजगारासाठी काढलेल्या विषयात ज्यांना रोजगाराची घाई अजिबात नाही, तेच बसले. मत्स्यशास्त्र ज्या कॉलेजांत आहे तिथेही विद्यार्थी मासे पकडायला नाही, मार्क पकडायला येतात.

मधे काही वर्षं, २०१६ पासून, दहावीच्या मुलांची कल चाचणी होत असे. शेती, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं, आणि मुलाचा ओढा कुठे आहे ते कागदावर. कोटा शहरातल्या क्लासच्या धर्तीवर फाउंडेशनची फी आठवीपासून भरत आलेल्या आई-बापांना तो कागद म्हणजे आपल्याविरुद्ध निघालेलं समन्स वाटे. ललित कला निघालं की आजीला दोष. शेती निघालं की ज्यांच्या सात पिढ्या शेतात गेल्या, ते सुद्धा म्हणत, चाचणीत काहीतरी गडबड आहे. एकदा जिन्यात एका वहिनींना सहज विचारलं, "चिरंजीवांचा कल कुठे निघाला?" त्या म्हणाल्या, "सायन्सकडेच आहे. आम्ही वळवलाय."

याच वहिनी, याच सोसायटीत, स्वयंपाकघराचा ड्रेन तुंबला की प्लंबरला 'दादा' म्हणतात. 'दादा, आज याल ना? पाहुणे आहेत हो.' दादा येत नाहीत. उद्या सांगतात. उद्या परवा होतो. आमच्या इमारतीत तीन एम. टेक., एक सीए आणि दोन डॉक्टरेट आहेत. सगळे मिळून बाल्कनीत उभे राहून दादांच्या स्कूटरचा आवाज ऐकतात. दादांच्या पोराला अभियांत्रिकीला घालायचंय, त्याच्या क्लासच्या फीसाठी ते तीन इमारती एकदम हाताळतात, हे परवा कळलं. म्हणजे पुढच्या पिढीत दादाही नाहीत.

उपहास बाजूला ठेवून एक गोष्ट सांगतो, कारण तिथे उपहासाला जागाच नाही. शिरूर तालुक्यातलं पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत डॉक्टरेट केलेले, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन करणारे गृहस्थ. त्यांनी नोकरी सोडली आणि १९८३ मध्ये या कमी पावसाच्या गावात विज्ञान आश्रम काढला. त्यांचा मुद्दा साधा होता. हात चालायला लागले की डोकं चालतं, आणि हे फक्त ढ मुलांबाबत खरं नाही. आठवी ते दहावीच्या शाळकरी मुलांनी आठवड्यातला एक दिवस खरी कामं करायची. वेल्डिंग, विटांचं बांधकाम, वायरिंग, नळजोडणी, माती परीक्षण, रक्तगट तपासणी. तीही सगळ्यांनी, मुली धरून. दुपारभर मापं घेऊन आलेल्या पोराला क्षेत्रफळ पुन्हा शिकवावं लागत नाही. आज शाळांमध्ये जो बहुकौशल्य विषय आहे, त्याचं मूळ या पाबळात आहे. कलबाग २००३ मध्ये गेले.

एवढं आपल्या दाराशी असताना आपण काय केलं? भेट दिली. पाबळला भेट देऊन भारावून परत आलेल्यांची संख्या मोठी आहे. मीही त्यातलाच. परत येताना गाडीत आम्ही सगळे म्हणालो, असं प्रत्येक शाळेत व्हायला हवं. गाडीत बसलेल्यांची सगळी मुलं आयसीएसईला होती.

ज्या शाळांत नववीपासून व्यवसाय विषय आहेत, तिथे प्रशिक्षक नेमतात. ते बहुतेक ठिकाणी कंत्राटावर, खासगी संस्थेमार्फत. कंत्राट दरवर्षी संपतं आणि दरवर्षी लागतं, किंवा लागत नाही. मानधन कधी येईल ते संस्थेला माहीत नसतं. मुलांना स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकवणारा हा माणूस जूनमध्ये कुठे उभा असेल, ते त्यालाही सांगता येत नाही. त्याच्यासमोरची मुलं चौदा वर्षांची असतात, आंधळी नसतात. व्यवसाय शिक्षण घेतल्यावर पुढे काय होतं याचा नमुना त्यांच्यासमोर रोज फळ्यापाशी उभा असतो. करिअर मार्गदर्शनावर वेगळा खर्च करायची गरज काय?

सरकारने भावंडांत भेदभाव केला नाही असंही नाही. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. लोक तिला 'लाडका भाऊ' म्हणू लागले. कामाचा अनुभव घेताना महिन्याला विद्यावेतन: बारावीवाल्याला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमावाल्याला आठ हजार, पदवीधराला दहा. कार्यालयात येऊन हाताने काम करू शकणारा भाऊ आठचा, आणि 'सर, मी काय करू?' म्हणणारा बी. ए. भाऊ दहाचा. लाडाचा दर कुठे ठरतो हे एकदा आकड्यात आलं ते बरं झालं. लग्नाच्या बाजारात तो केव्हाच ठरलेला होता.

लग्नाच्या बाजारावरून आठवलं. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला. तिथे माणसं कमी पडतात, आणि दहा हजारांच्या घरात कुशल मनुष्यबळ पाठवायची बोलणी झाली. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, नर्सिंगवाले. त्यासाठी जर्मन शिकवायची व्यवस्थाही होऊ लागली. हे वाचून आमच्या ओळखीतल्या एका काकांनी, ज्यांनी पुतण्याला फिटरला घातल्यावर भावाशी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं, स्वतःच्या मुलासाठी जर्मनच्या क्लासची चौकशी केली. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर आहे, दोन वर्षं घरी आहे. इंजिनिअरला घेतात का, असं काकांनी विचारलं. क्लासवाल्यांनी सांगितलं, ट्रेड सर्टिफिकेट असेल तर बोला.

काकांनी मग पुतण्याला फोन केला. खूप दिवसांनी. आयटीआयचे फॉर्म केव्हा सुटतात, वयाची अट काय, पदवी झालेल्याला घेतात का. पुतण्याने सगळं व्यवस्थित सांगितलं. तो एका कारखान्यात कायम झालाय, सुटीत गावाकडची मोटर बांधून देतो, आणि बोलायला गोड आहे. शेवटी त्याने विचारलं, "पण काका, स्थळांना काय सांगणार? काय करतो म्हणून?"

काका म्हणाले, "जर्मनीत असतो म्हणून सांगू."

"ते झालंच. पण काय करतो?"

"अरे, सांगितलं ना, जर्मनीत असतो."