मेलाटोनिनने अर्ज करावा

महाराष्ट्र शासनाला मुलांच्या झोपेची काळजी आहे, याचा लेखी पुरावा उपलब्ध आहे. शालेय शिक्षण विभागाचा ८ फेब्रुवारी २०२४चा आदेश काढून बघा. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. त्याच्या दोन महिने आधी, डिसेंबर २०२३मध्ये, तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी हा विषय काढला होता. मुलं रात्री उशिरा झोपतात आणि सकाळी त्यांची झोप पुरी होत नाही, हे राजभवनापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांना पटलं. एवढं एकमत एरवी आमदारांच्या पगारवाढीवरच होतं.

बारीकशी एकच गफलत झाली. ज्यांना सकाळी उठता येतं त्यांना उशिराची वेळ मिळाली, आणि ज्यांना उठता येत नाही ते होते तिथेच राहिले.

घरात सहा वर्षांचं पोर असेल तर यासाठी शास्त्रज्ञ बोलवायची गरज नाही. रविवारी, म्हणजे शाळा नसताना, ते साडेसहाला बाबाच्या पोटावर बसून त्याच्या पापण्या बोटांनी उघडून बघत असतं. त्याच खोलीत त्याचा पंधरा वर्षांचा दादा दहा वाजेपर्यंत पालथा पडलेला असतो. घर त्याला कुंभकर्ण म्हणतं. आजी म्हणते, ‘आमच्या वेळी...’, आणि पुढचं सगळ्यांना पाठ असतं. आता शास्त्र असं सांगतं, की वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं. झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन रात्री तास-दोन तास उशिरा कामावर येतं. मोबाइल त्यात तेल ओततो, हे खरंच. पण मोबाइल कपाटात कुलूपबंद केला तरी मेलाटोनिन बायोमेट्रिक हजेरीला जुमानत नाही. दहाला अंथरुणात ढकललं तरी डोळ्याला डोळा लागत नाही, आणि सहाला हलवलं तर शरीराच्या लेखी ती मध्यरात्र असते.

म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४मध्येच सांगून टाकलं, की माध्यमिक शाळा साडेआठच्या आत भरवू नका. कॅलिफोर्नियाने २०१९मध्ये तसा कायदा केला, आणि जुलै २०२२पासून तिथली हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत. शरीराचं घड्याळ आतून कसं चालतं हे ज्यांनी शोधलं, त्या तिघांना २०१७चं नोबेल मिळालं. त्यांनी तपासलं होतं चिलट, पिकल्या केळ्यांवर घोंगावतं ते. चिलटाचं घड्याळ जगन्मान्य झालं. नववी ‘ब’च्या घड्याळाचा विषय अजून विचाराधीन आहे.

विचाराधीन म्हणजे काय, तर इमारत एक आणि शाळा दोन. मुंबईत जागा सोन्याच्या भावाची, त्यामुळे सकाळचं अधिवेशन आणि दुपारचं अधिवेशन. खोल्या तेवढ्याच राहणार. मग धाकट्यांना झोप पुरी व्हावी म्हणून दुपारी सरकवलं, की सकाळी सात वाजता बाकावर कोणाला बसवायचं? थोरल्यांना! शासनाने झोप दिली खरी, पण एका भावाच्या अंगावरची चादर काढून दुसऱ्याला घातली, आणि ज्याला थंडी वाजत होती त्याचीच काढली.

सात वाजताची शाळा बघितलीय कधी? ‘हात जोडा, डोळे मिटा’ ही आज्ञा तिथे जितक्या मनोभावे पाळली जाते तितकी जगातल्या कुठल्याही देवळात पाळली जात नसेल. प्रार्थना संपते, हात सुटतात, डोळे मिटलेलेच. पहिल्या तासाला गणित असतं, कारण ‘सकाळी डोकं ताजं असतं’. कोणाचं? सरांचं. सरांचं वय पन्नास. त्या वयाला माणूस आपण होऊन पाचला उठतो आणि त्याचं श्रेय स्वतःच्या शिस्तीला देतो.

मुंबईची तर आणखी एक गंमत आहे. भारताची प्रमाणवेळ ठरते मिर्झापूरजवळच्या रेखांशावरून, आणि मुंबईचा सूर्य त्या घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे चालतो. १९०६मध्ये ही वेळ लागू झाली तेव्हा इथले गिरणी कामगार खवळले होते, आणि ‘मुंबई टाइम’ पुढे कित्येक वर्षं हट्टाने चालू राहिला. आता कोणी खवळत नाही. सात वाजताची शाळा सूर्याच्या हिशेबाने सहा एकवीसला भरते. जानेवारीत मुंबईचा सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, म्हणजे पंधरा मिनिटं उशिरा. त्याच्या पालकांना बोलावून घ्यायला हवं.

लवकर उठणाऱ्याला विद्या, आरोग्य आणि पैसा मिळतो, असं आपल्याला लहानपणी सांगितलेलं असतं. पेपर टाकणारी मुलं, दुधाच्या पिशव्या वाटणारे भाऊ आणि वाशीच्या भाजी मार्केटातले माथाडी यांना हे कळवायचं राहून गेलंय. पहाटे उठूनही त्यांचा पैसा अजून रस्त्यातच आहे.

आणि हिंजवडी! तिथला एखादा बाबा कॅलिफोर्नियातल्या कंपनीसाठी रात्रभर जागतो. तिकडची पोरं कायद्याने साडेआठपर्यंत निवांत. इकडे सकाळी कंपनीच्या कॅबमधून तो उतरतो आणि त्याच फाटकातून त्याची दहावीतली मुलगी क्लासला निघते. साडेसहाचा क्लास. त्याला शाळेचं परिपत्रक लागू नाही, कारण ते चौथीपर्यंतच, आणि ही तर शाळाही नव्हे. दोघं जांभया देत एकमेकांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात, आणि दोघांपैकी कोणासाठीच ती मॉर्निंग नसते.

नऊच्या आदेशाला विरोध मात्र झाला, नाही असं नाही. स्कूल बसवाले म्हणाले, नऊला रस्ते तुंबलेले असतात, आमच्या फेऱ्या बसणार नाहीत. पालक म्हणाले, आमची आठ बाराची लोकल. आम्ही निघाल्यावर पोराला रिक्षात कोण घालणार? प्रश्न रास्त आहेत. उत्तरही सोपं होतं, ऑफिसंही उशिरा भरवा. मध्य रेल्वेने नोव्हेंबर २०२३मध्ये आपल्या मुंबईतल्या कार्यालयात साडेनऊ आणि साडेअकरा अशा दोन वेळा करून बघितल्याच. पण ते झोपेसाठी नव्हतं, गर्दीसाठी होतं. आपल्याकडे माणूस लोंबकळायला लागला की वेळ बदलते, पेंगला तर नाही.

तरी काळजी नसावी, शाळा यातून वाट काढतीलच. नियमानुसार शाळा नऊलाच भरेल. सात ते नऊ फक्त ‘व्यक्तिमत्त्व विकास वर्ग’ असेल. तो ऐच्छिक आहे. फी वेगळी. गैरहजर राहिल्यास डायरीत लाल शेरा मिळेल, आणि वर्गाचा पहिला पाठ असेल, ‘पुरेशा झोपेचं महत्त्व’.