एल नावाचा माणूस

यवतमाळ जिल्ह्यात कापसाला जितक्या बारकाईनं मोजतात तितक्या बारकाईनं माणसाला कुणी मोजत नाही. धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये, त्याचा पोत मायक्रोनेअरमध्ये. ओल आठ टक्क्यांच्या वर गेली की भाव उतरू लागतो आणि बारा टक्क्यांपुढे तर सरकारी खरेदी केंद्र गाडी माघारी धाडतं. माझी छाती, माझे खांदे आणि वयाबरोबर उदार होत गेलेलं माझं पोट, या सगळ्यांना मिळून मात्र एकच अक्षर पुरेल असं सायकलीचे कपडे विकणाऱ्यांना वाटतं. ते अक्षर म्हणजे एल. एका कंपनीच्या एलमध्ये मी ऐसपैस राहतो, वर एखादा पाहुणाही ठेवून घेईन. दुसरीच्या एलमध्ये हात शिरतात, डोकंही निम्मं शिरतं आणि प्रवास तिथंच थांबतो. मग आरशासमोर दोन्ही हात वर करून, फौजेला शरण आलेल्या किल्लेदारासारखा, मी घरातलं कुणीतरी सोडवायला येईपर्यंत उभा राहतो. तिसरी कंपनी मला तीन एक्स लावते. आजवर नावामागे एकही पदवी न लागलेल्या माणसाला एकदम तीन!

हा एल कोण, याचा मी बराच विचार केला आहे. तो खरोखरच एक माणूस असतो. कंपनी एक देह पसंत करते, त्याच्या अंगावर नमुना बेतते आणि मग ठरावीक अंतरानं तो लहानमोठा करत जाते. म्हणजे प्रत्येक कंपनीचा एल निराळा, आणि त्यांची एकमेकांशी ओळखदेख नाही. माझ्या छळाला कारण झालेला एल इटलीतला असावा. निमुळत्या खांद्यांचा, काळ्या कॉफीवर जगणारा, भरीत-भाकरीच्या पंगतीला कधी न बसलेला. शिवाय त्याला बेतलं आहे ते वाकलेल्या अवस्थेत. शर्यतीची जर्सी पुढून आखूड, मागून लांब असते, कारण हँडलवर ओणवं झालं की पाठ लांबते आणि पोट मिटतं. आपण ती घालून पाहतो आरशासमोर, ताठ उभं राहून. ती छातीवर आवळते, मागं शेपटासारखी लोंबते, आणि आपण बिचारीला परत पाठवतो. मी आता आरशासमोर वाकून पाहतो. बायको दारातूनच विचारते, "काही हरवलं का?"

मापाचा हा घोळ सरकारच्या कानावर गेलेला नाही असं नाही. फॅशन शिकवणाऱ्या निफ्ट या सरकारी संस्थेनं भारतीय अंगाची स्वतःची मापं ठरवायची म्हणून एक प्रकल्प हाती घेतला. २०१८ मध्ये त्याची घोषणा झाली. सहा शहरं, पंचवीस हजार माणसं, आणि टेपऐवजी अंगाभोवती फिरणारा त्रिमितीय स्कॅनर. दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद आणि शिलाँग. शिलाँगबद्दल माझी तक्रार नाही, तिथल्या माणसालाही खांदे असतात. पण दारव्हा-दिग्रसकडचा एखादा गडी त्या यंत्रात उभा राहिला असता, तर भारताच्या सरासरी पोटाला थोडा न्याय मिळाला असता. अमेरिकेनं हा उद्योग फार आधी केला. १९३९-४० मध्ये तिथं सुमारे पंधरा हजार बायकांची मापं घेतली गेली, त्यांवरून १९५८ मध्ये एक प्रमाण मानक निघालं, आणि १९८३ मध्ये ते गुपचूप काढूनही टाकलं. तोवर दुकानदारांना कळून चुकलं होतं की कंबर वाढली तरी चालते, आकडा वाढता कामा नये. मग आकडेच सैल झाले. फसवणूक म्हणावी तर तीत मायाही बरीच आहे. त्याच १९५८ साली ड्यूपाँट कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्सनं मापाची फिकीरच नसलेला धागा शोधून काढला. स्पँडेक्स; आपण त्याला लायक्रा म्हणतो. माणसाला मोजणं अवघड आहे हे त्यानं आधीच ओळखलं असावं.

या धाग्याची चड्डी घेऊन मी आमच्या टेलर मास्तरांकडे गेलो. दत्त चौकाच्या अंगाला त्यांचं दुकान आहे. शाळेत असताना माझे सगळे कपडे त्यांनी वाढत्या अंगाचे शिवले. मी वाढत गेलो आणि दुमडलेलं कापड दरवर्षी थोडं खाली येत गेलं; पॅन्टीवरच्या जुन्या घड्यांच्या रेषा मोजून माझी इयत्ता सांगता आली असती. त्यांच्या वहीत माझ्याआधी वडिलांचं माप आहे. मास्तरांनी चड्डी दोन्ही हातांनी ताणली, सोडली, पुन्हा ताणली.

"टेप कुठं धरू जी? हे तं पळून राह्यलं." मग आतल्या गादीवरून अंगठा फिरवला. "अन् हे काय?"

लांब पल्ल्याला बूड दुखू नये म्हणून, मी सांगितलं. पूर्वी इथं मऊ कातडं लावत आणि ते कडक होऊ नये म्हणून मलम चोळत, हेही सांगितलं.

"मंग सीटच काऊन नाही बदलत?"

या प्रश्नाला युरोपातही कुणाकडे उत्तर नसावं.

मला कोंडणारी जर्सीही मी सोबत नेली होती; ती मात्र त्यांनी ठेवून घेतली. "बगलेतून कळी टाकून देतो." लायक्राचा तुकडा दुकानात कुठून असणार, त्यांनी बनियनचं सुती कापड काढलं. सायकलवाल्यांना सूत वर्ज्य आहे. ते घाम पितं आणि धरून ठेवतं, आर्णी रोडच्या चढावर अंगाला ओल्या पोत्यासारखं चिकटतं. म्हणून कापसाच्या या मुलखात, जिथं लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत डेनिमही विणलं जातं, सायकलवर माझ्या अंगावर तोवर कापसाचा एक धागा नसे. तसा इथला कापूस दूर जायला सरावलेला आहेच. शकुंतला या आमच्या छोट्या रेल्वेगाडीच्या डब्यांतून त्याच्या गाठी मूर्तिजापूरला जात. तिथं ७६२ मिलिमीटर रुंदीचा रूळमार्ग संपे आणि १६७६ मिलिमीटरचा सुरू होई, म्हणून एकूण एक गाठ या गाडीतून त्या गाडीत चढवावी लागे; पुढं मुंबई, पुढं मँचेस्टर. शकुंतला ओढणारं इंजिनही १९२१ मध्ये मँचेस्टरलाच घडलेलं, ते १९९४ पर्यंत राबलं. माझ्या दारात कुरिअरवाला जर्सीचं पाकीट देतो, नेतो, पुन्हा आणतो, तेव्हा मला मूर्तिजापूरचे ते हमाल आठवतात. गाठ तीच, रूळ निराळे.

मास्तरांनी कळ्या टाकायच्या आधी टेप काढला. मी म्हटलं, वहीत आहे की माप. "थे जुनं झालं," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ तसेच थांबले. "उजवा खांदा खाली गेला तुमचा. बाबांचाबी असाच होता, उजवाच. त्यांच्या शर्टाले मी आतून एक पट्टी द्यायचो, सांगत नव्हतो." वडिलांना ही पट्टी शेवटपर्यंत कळली नाही. आपला नवा शर्ट अंगावर चांगला बसतो याचं श्रेय ते आयुष्यभर स्वतःच्या बांध्याला देत राहिले.

जर्सी आता बसते. घाम आला की दोन्ही बगलांखाली दोन गडद पट्टे उमटतात आणि दुरून ती एखादी खास रचना वाटते. परवा कळंबकडे, चिंतामणीच्या वाटेवर, नागपूरकडून आलेला एक तरुण सायकलवाला थांबला. दोनशे किलोमीटरच्या बीआरएम या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीची तयारी करत होता; साडेतेरा तासांत संपवायची असते ती. त्याची स्वतःची जर्सी दंडावर काचत होती.

"काका, फिटिंग मस्त आहे. कुठला ब्रँड?"

"दत्त चौक."

त्यानं फोन काढून शोधलं. सापडलं नाही. मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते काजं करत होते, मान वर न करता म्हणाले, "फोनवर कसं माप घेणार जी? पाठवा त्याले इकडं."