घेणाऱ्याच्या बाजूचा माणूस

सिडनीच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत शनिवारी सकाळी कडक इस्त्रीचा ब्लेझर घातलेला एखादा माणूस दुसऱ्याच्या अंगणात गुडघे टेकून, लाकडी जमिनीखालच्या पोकळीत बॅटरीचा झोत टाकताना दिसला, तर पोलिसांना फोन करू नये. तो बायर्स एजंट असतो. वाळवी शोधत असतो, आणि ती सापडली तर त्याला मनापासून आनंद होतो. वाळवी म्हणजे किंमत पाडून मागायला सबब.

पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना हा प्राणी समजावून सांगताना मुलांच्या नाकी नऊ येतात. आपल्याकडे एजंट एकच. तो विकणाऱ्याकडून घेतो, घेणाऱ्याकडूनही घेतो आणि दोघांना वेगवेगळं बाजूला नेऊन ‘केवळ तुम्ही म्हणून सांगतो’ असं सांगतो. न्यू साउथ वेल्सच्या २००२च्या कायद्याला हे मान्य नाही. एकाच व्यवहारात दोन्ही बाजूंचं काम एका एजंटाला करता येत नाही. घराचं दार उघडून हसतमुखाने पत्रक हातात देणारा तो विकणाऱ्याचा. घेणाऱ्याला आपला माणूस हवा असेल तर त्याने तो वेगळा नेमायचा आणि त्याची फीही स्वतःच्या खिशातून द्यायची. कोणी ठरावीक रक्कम घेतो, कोणी किमतीवर टक्के. दहा लाख डॉलरच्या घराला दोन टक्के धरले तर वीस हजार. वडील मनातल्या मनात रुपये करतात आणि खुर्चीत सरळ बसतात.

“घरं तर सगळी फोनवर दिसतात. मग हा दाखवतो काय?”

प्रश्न रास्त आहे. दाखवण्याचं काम आता त्याच्याकडे फारसं उरलेलंच नाही. त्याला पैसे मिळतात ते नको म्हणण्याचे. नवऱ्याला आवडलेलं घर बायकोला नको असतं, बायकोला आवडलेलं तिच्या सासूला नको असतं, पण घरात वाईटपणा कोणालाच घ्यायचा नसतो. तो एजंट घेतो. “बाथरूमच्या भिंतीत ओल आहे,” असं तो कोरड्या आवाजात म्हणतो आणि एक संसार त्या दिवसापुरता वाचतो.

हा माणूस बहुधा दहा-बारा वर्षं आयटीत काढलेला असतो. स्वतःचं पहिलं घर घेताना त्याने जी एक्सेल शीट केली, तिच्यावर तो इतका खूश झाला की नोकरी सोडून रीतसर लायसन्स काढून बसला. ती शीट अजून त्याच्याकडे आहे. तीत स्टेशनपर्यंत चालत किती मिनिटं इथपासून ते मेज हिलच्या मुरुगन मंदिरापर्यंत गाडीने किती मिनिटं इथपर्यंत रकाने आहेत. गिऱ्हाइकं त्याला गणेशोत्सवात मिळतात. आरतीच्या रांगेत तो कोणालाही घराविषयी एक शब्द विचारत नाही. फक्त “सध्या कुठे राहता?” एवढंच विचारतो. समोरचा भाड्याच्या वाढीवर घसरला की काम झालं.

त्याच्या डोक्यात उपनगरांचा जो नकाशा आहे तो कुठल्याच नगरपालिकेकडे नसेल. हॅरिस पार्कमध्ये विग्रॅम स्ट्रीटवर डोसा आणि चाट मिळते हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. २०२१च्या जनगणनेत तिथले चाळीस टक्क्यांहून जास्त रहिवासी भारतात जन्मलेले निघाले, आणि मे २०२३मध्ये मोदी सिडनीत आले तेव्हा तिथल्या ‘लिटल इंडिया’च्या कमानीच्या कोनशिलेचं अनावरणही झालं. एजंटाला त्यापुढचं ठाऊक असतं. ईस्टवुडला रुळांच्या एका अंगाला चिनी दुकानं आणि दुसऱ्या अंगाला कोरियन, ऑबर्नला गॅलिपोली मशिदीचे मिनार, कॅब्रामॅटात व्हिएतनामी बाजार. आणि यांतल्या प्रत्येक ठिकाणी घराच्या लिलावाला समोर कोण उभं राहणार आणि ते कशाला बिचकणार, हे त्याला तोंडपाठ असतं. चार नंबरच्या घराला चिनी गिऱ्हाईक नाक मुरडतं, आठवर जीव टाकतं. त्यामुळे आपला मराठी माणूस हजाराच्या पटीत बोली वाढवत असताना पलीकडून शेवटी तीन आठ असलेला आकडा आला, तर तो चुकून आलेला नसतो.

तिठ्यावर, समोरून येणारा रस्ता थेट दारावर आदळतो असं घर म्हणजे या माणसाची खास आवड. चिनी कुटुंबं फेंगशुईमुळे ते टाळतात, आपली वीथीशूळ म्हणून टाळतात. एवढ्या बाबतीत दोन प्राचीन संस्कृतींचं एकमत आहे आणि त्याची किंमत बाजारात डॉलरमध्ये मोजता येते. मग तो असल्या गोष्टी न मानणारं एखादं मराठी जोडपं गाठतो. जोडपं तयार होतं, हिशेबही जमतो. मग कोथरूडहून व्हिडिओ कॉल येतो.

वास्तूच्या प्रश्नाने तर त्याला खरा घाम फुटतो. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून असतो, म्हणून इथल्या जाहिराती ‘उत्तराभिमुख’ हा शब्द मोठ्या टायपात छापतात. हिवाळ्यात बैठकीत ऊन येतं, इतकाच त्याचा अर्थ. आपल्या मंडळींना मात्र प्रश्न पडतो की विषुववृत्त ओलांडल्यावर आग्नेय कोपरा तोच राहतो की फिरतो? दोन वास्तुतज्ज्ञांना विचारलं तर तीन उत्तरं येतात. एजंट कोणाशीच वाद घालत नाही. तो फोनमधलं होकायंत्र काढतो, गंभीर चेहऱ्याने स्वयंपाकघरात एक फेरी मारतो आणि म्हणतो, “काकू, गॅस हलवता येतो.” याचा खर्च किती, ते तो नंतर काकांना सांगतो.

मग शाळा. गिरावीन हायस्कूलच्या जवळचं घर हवं, असं दर तिसरं कुटुंब सांगतं. ही शाळा सिलेक्टिव्ह आहे. प्रवेश परीक्षेवर मिळतो, पत्त्यावर नाही. शाळेच्या भिंतीला भिंत लावून घर घेतलं तरी मुलाला पेपर सोडवावाच लागतो. एजंट हे स्पष्ट सांगतो. कुटुंब मान डोलावतं आणि म्हणतं, “तरीपण जवळच बघा.”

कागदपत्रं वाचायला बसला की मात्र हा माणूस विनोदी राहत नाही. विक्रीच्या कराराला जोडलेला दहा-पॉइंट-सात दाखला तो ओळ न् ओळ वाचतो, कारण जमीन पुराच्या नियमांखाली येते की नाही ते तिथेच कळतं. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं मागवतो. २०१८च्या नाताळच्या आदल्या दिवशी ऑलिंपिक पार्कमधल्या ओपल टॉवरला तडे गेले, २०१९च्या जूनमध्ये मॅस्कॉट टॉवर्समधल्या लोकांना रातोरात बाहेर काढलं. तेव्हापासून ‘गळतीबाबत चर्चा झाली’ हे वाक्य तीन सभांत लागोपाठ दिसलं की तो फाइल मिटतो. फी वसूल होते ती इथे. गिऱ्हाइकाला हे कधीच पटत नाही, कारण न घेतलेल्या घराचा फोटो नातेवाइकांना पाठवता येत नाही.

या जमातीत सगळेच असे नसतात. टक्क्यांवर फी घेणाऱ्याला किंमत खाली आणण्याची घाई कितपत असेल, हे ज्याने त्याने ओळखावं. काही जण नव्या वसाहतीतल्या जमीन-अधिक-घराच्या योजनाच गळ्यात मारतात, आणि बिल्डरकडून त्यांना काय सुटतं ते विचारलं की त्यांना तातडीचा फोन येतो. ‘ऑफ-मार्केट’ हा शब्दही जपून ऐकावा. कधी ते खरंच कुणालाच न दाखवलेलं घर असतं, कधी सगळ्यांनी पाहून सोडलेलं.

लिलावाचा दिवस. घरापुढच्या हिरवळीवर शेजारीपाजारी नुसते बघायला जमलेले. एजंट ओळखपत्र दाखवून नंबराचा फलक घेतो आणि गिऱ्हाइकाला सपत्नीक गाडीत बसवून काचा वर करायला सांगतो. याला कारण आहे. लिलावात घेतलेल्या घराला माघार नाही. हातोडा पडला की सही आणि दहा टक्के अनामत. एरवीच्या खरेदीत कामकाजाचे पाच दिवस विचाराला मिळतात आणि पाव टक्का सोडून बाहेर पडता येतं. इथे नुसता हात वर केल्याची किंमत आयुष्यभर हप्त्यांनी फेडायची. विकणाऱ्यातर्फे लिलाववाला एकदाच बोली लावू शकतो, तीही तसं जाहीर करून. ती आली की एजंट आकाशाकडे बघतो, घड्याळ बघतो, जांभई देतो. आदल्या रात्री ठरलेल्या आकड्याच्या पुढे तो जात नाही. गाडीची काच खाली होते, “अजून दहा हजार!” अशी हाक येते. त्याला ऐकू येत नाही.

घर मिळतं ते सातव्या-आठव्या शनिवारी, दुसऱ्याच उपनगरात, पश्चिमाभिमुख. वास्तुशांतीला पन्नास माणसं येतात. जिलबी वाढेपर्यंत कितीला पडलं ते सगळ्यांना कळलेलं असतं. एक गृहस्थ मठ्ठ्याचा घोट घेऊन म्हणतात, “आम्ही असतो तर चाळीस हजारांनी कमी केलं असतं.”

एजंट कोपऱ्यात दुसऱ्यांदा मसालेभात घेत असतो. तो ताट खाली ठेवतो, हात पुसतो आणि विचारतो, “सध्या कुठे राहता?”